आपल्या खासदाराचं नाव काय?

१९७८-७९च्या सुमारास सॅम हॅरिस नावाचा एक संगीतशिक्षक अमेरिकेतल्या शाळाशाळांतून फिरून जगातल्या भुकेविषयी बोलत होता. मायामीच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदात तो तालवाद्यं वाजवायचा. राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता. भुकेच्या प्रश्नाकडे तो वळला, त्यामागे अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचा १९७७चा एक अहवाल होता. भूक संपवायला लागणारं ज्ञान आणि साधनं माणसाकडे आहेत, कमी पडते ती राजकीय इच्छाशक्ती, असा त्या अहवालाचा सूर होता. ही इच्छाशक्ती जिथे तयार व्हायची, त्या संसदेशी मुलांची ओळख तरी आहे का, हे पाहावं म्हणून हॅरिस प्रत्येक वर्गात विचारायचा, ‘तुमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीचं नाव काय?’ त्याने एकूण सुमारे ७,००० मुलांना हा प्रश्न विचारला. बरोबर उत्तर देणारी जेमतेम २०० निघाली.

ही मुलं निर्दय नव्हती. भुकेल्या मुलांची छायाचित्रं पाहून ती हळहळत होती, खाऊचे पैसे द्यायला तयार होती. पण ज्या माणसाच्या एका मतावर लाखो लोकांच्या अन्नाचा आणि औषधांचा पैसा ठरतो, तो कोण हे त्यांना माहीत नव्हतं. हळहळ आणि निर्णय यांच्यामध्ये जी दरी होती, तिच्यावर पूल बांधायचा म्हणून हॅरिसने १९८० साली ‘रिझल्ट्स’ ही संघटना सुरू केली. हाच माणूस पुढे सॅम डेली-हॅरिस या नावाने ओळखला गेला. गेली चार दशकं या संघटनेचे स्वयंसेवक एकच काम करत आले आहेत. गरिबी कमी करणारे कायदे व्हावेत आणि त्यांना पुरेसा निधी मिळावा, यासाठी ते आपापल्या लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा करतात. ही माणसं धान्य वाटत नाहीत, दवाखाने चालवत नाहीत. शिक्षक, गृहिणी, निवृत्त कर्मचारी, विद्यार्थी अशी साधी माणसं आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहितात, भेटतात, परत भेटतात.

दान आणि पाठपुरावा यांच्यात भांडण लावायचं कारण नाही. आजच्या भुकेल्याला आजच जेवण हवं असतं आणि ते देणाऱ्याचं मोल कमी होत नाही. पण सरकारी तिजोरीतल्या एका ओळीचं वजन देणगीदारांच्या सगळ्या थैल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. त्या ओळीबद्दल लोकांची समजूत किती चुकीची असते पाहा. अमेरिकेच्या केंद्रीय अर्थसंकल्पात परकीय मदतीचा वाटा वर्षानुवर्षं सुमारे १ टक्क्याच्या आसपास राहिला, पण जनमत चाचण्यांत लोकांना विचारलं की सरासरी उत्तर एक-चतुर्थांशाच्या घरात जातं. एवढा मोठा वाटा जात असेल तर कापा, असं माणूस म्हणणारच. गरिबांसाठी बोलणाऱ्याला पहिली लढाई द्यावी लागते ती अशा आकड्यांशी.

यात साध्या नागरिकाचं वजन येतं कुठून? अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य आहेत आणि प्रत्येकाच्या मतदारसंघात साडेसात लाखांच्या आसपास माणसं राहतात. करांबद्दल, बंदुकांबद्दल, गर्भपाताबद्दल या सदस्यांकडे पत्रांचा पूर येतो. आफ्रिकेतल्या गोवराच्या लशीबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. ज्यांची मुलं मरतात त्यांना अमेरिकेत मत नाही आणि त्यांच्या वतीने बोलण्यात कुठल्या कंपनीचा फायदाही नाही. म्हणूनच अशा विषयावर स्वतःच्या मतदारसंघातून, स्वतःच्या शब्दांत लिहिलेली दहा पत्रं आली तर कार्यालयातले कर्मचारी थबकतात. त्याच मतदारांनी भेटीची वेळ मागितली तर त्यांना विषय वाचून ठेवावा लागतो. जिथे कुणीच बोलत नाही, तिथे एका माणसाच्या बोलण्याला फार मोल असतं. ‘माझ्या एकट्याने काय होणार’ हा प्रश्न गर्दीच्या विषयांत खरा ठरेल, इथे तो तितकासा खरा नाही.

या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा झाली मुलांच्या प्रश्नावर. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जगात दररोज सुमारे ४०,००० मुलं टाळता येण्याजोग्या कारणांनी मरत होती. युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी १९८२च्या डिसेंबरमध्ये ‘बालजीवन क्रांती’ची हाक दिली. वाढीवर लक्ष, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण असे चार स्वस्त उपाय त्यांनी पुढे ठेवले. जलसंजीवनीचं पाकीट ते खिशात घेऊन फिरत आणि राष्ट्राध्यक्षांसमोर काढून ठेवत.

त्या पाकिटामागे आपल्या उपखंडाचा इतिहास आहे. १९७१मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते रुग्णांना तोंडावाटे पाजायला सुरुवात केली, तेही बऱ्याचदा नातेवाइकांच्या हातून. तिथे ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर त्या उपचाराखालच्या रुग्णांत ४ टक्क्यांच्याही खाली आला. विज्ञानाचं काम तिथे झालं होतं. पण एका छावणीत सिद्ध झालेला हा उपाय जगातल्या प्रत्येक खेड्यातल्या आईपर्यंत पोचवायला पैसा लागतो, आरोग्यसेविका लागतात, वाहतूक लागते. ते सगळं अर्थसंकल्पातून येतं आणि अर्थसंकल्प मागितल्याशिवाय हलत नाही.

१९८०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेच्या संसदेने मुलांच्या जीवनरक्षणासाठी २ कोटी ५० लाख डॉलरचा वेगळा निधी ठेवला. हा निधी टिकवावा आणि वाढवावा म्हणून रिझल्ट्सचे स्वयंसेवक लिहीत आणि भेटत राहिले. त्यांनी आणखी एक दार शोधलं, ते म्हणजे गावोगावच्या वर्तमानपत्रांचे अग्रलेख लिहिणारे. स्वयंसेवक त्यांना फोन करत, कागदपत्रं पोचवत, तज्ज्ञांशी सामुदायिक दूरध्वनीवर गाठ घालून देत. छोट्या शहरातल्या दैनिकात ‘आपल्या खासदाराने मुलांच्या लशीसाठी मत द्यावं’ असा अग्रलेख आला की तो खासदार तो नक्की वाचतो, कारण त्यात त्याचं नाव असतं. पुढच्या वर्षांत हा निधी अनेक पटींनी वाढला. सप्टेंबर १९९०मध्ये संयुक्त राष्ट्रांत मुलांसाठीची जागतिक शिखर परिषद भरली आणि तिला ७१ राष्ट्रप्रमुख आले. त्याआधीच्या आठवड्यात स्वयंसेवकांच्या हाकेवर जगभर लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले होते.

जगात पाच वर्षांच्या आतल्या बालमृत्यूंचा आकडा १९९० साली सुमारे सव्वा कोटी होता, २०२२मध्ये तो ४९ लाखांवर आला. याचं श्रेय एका संघटनेचं नाही, एका देशाचं तर मुळीच नाही. ते लस टोचणाऱ्या परिचारिकांचं, गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांचं, सरकारांचं आणि आयांचं आहे. पण पैसा कुठून आला ही गोष्ट सांगताना पत्रं लिहिणाऱ्यांना वगळलं तर ती अर्धीच राहते.

मला या चळवळीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो तो तिच्यात नवा माणूस येतो तेव्हा काय होतं हा. बहुतेक संस्था नव्या माणसाला एक अर्ज भरायला सांगतात आणि मग त्याच्याकडून तयार मजकुराखाली सही मागतात. सही झाली की संबंध संपतो. डेली-हॅरिसचा आक्षेप नेमका यावर होता. त्याच्या मते लोक बेफिकीर नसतात, ते घाबरलेले असतात. खासदाराशी बोलायचं म्हणजे आपल्याला सगळं माहीत हवं, बोलणं सफाईदार हवं, ओळख हवी, असं त्यांना वाटतं. ही भीती उपदेशाने जात नाही, सोबतीने आणि सरावाने जाते.

म्हणून तिथे नवा माणूस आला की त्याला एका छोट्या गटात बसवतात. दर महिन्याला वेगवेगळ्या शहरांतले असे गट एकाच वेळी एका दूरस्थ सभेला जोडले जातात, एखादा तज्ज्ञ विषय समजावतो, त्याला प्रश्न विचारले जातात. महिन्याला एकच विषय आणि एकच कृती घेतली जाते. मग पत्र घरी नेऊन लिहायचं नसतं, बैठकीत सगळ्यांबरोबर तिथेच लिहायचं असतं, कारण घरी नेलेलं पत्र लिहिलं जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलायचा मजकूर माणसं जोडीजोडीने एकमेकांना मोठ्याने म्हणून दाखवतात. पहिल्यांदा सगळेच अडखळतात. तिसऱ्यांदा आवाज स्थिर होतो.

या छोट्या भाषणाचीही एक रीत आहे. साधारण मिनिटभरात चार गोष्टी यायला हव्यात. ऐकणाऱ्याशी नातं जोडणारं पहिलं वाक्य, मग अडचण, मग उपाय आणि तो चालतो याचा पुरावा, आणि शेवटी होय किंवा नाही असं उत्तर देता येईल अशी स्पष्ट मागणी. ‘गरिबांसाठी काहीतरी करा’ ही मागणी नव्हे, कारण त्याला कुणीही ‘हो’ म्हणेल आणि काहीच बदलणार नाही. हेच आपल्या एखाद्या आमदारासमोर बोलायचं तर असं काहीसं होईल:

‘साहेब, मागच्या अधिवेशनात तुम्ही अंगणवाडीच्या इमारतींचा प्रश्न मांडलात, त्याबद्दल आभार. आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत वजनकाटा बंद आहे, त्यामुळे कमी वजनाची मुलं वेळेवर लक्षात येत नाहीत. लवकर ओळखलेलं कुपोषण गावातच बरं होऊ शकतं, उशीर झाला तर मूल दवाखान्यात न्यावं लागतं. तालुक्यातल्या बंद वजनकाट्यांची माहिती मागणारा प्रश्न तुम्ही येत्या अधिवेशनात विचाराल का?’

यात राग नाही, लाचारीही नाही. सुरुवातीचे आभार खोटे नसावेत, हे मात्र महत्त्वाचं. लोकप्रतिनिधीने खरोखर काही चांगलं केलं असेल तर ते शोधून काढायला मेहनत लागते, आणि ती मेहनत त्याला कळते. रिझल्ट्समध्ये पक्ष पाहिला जात नाही. विरोधी मताच्या खासदाराशी वर्षानुवर्षं नातं ठेवलं जातं, कारण आज ‘नाही’ म्हणणारा माणूस चार वर्षांनी समितीचा अध्यक्ष असू शकतो. ही पद्धत दुसऱ्या विषयातही गेली. मार्शल सॉन्डर्स नावाचा कॅलिफोर्नियातला एक गृहस्थ या संघटनेत स्वयंसेवक होता. लहान कर्जांच्या विषयावर तो काम करायचा. हवामान बदलाने या कामातून मिळवलेलं सगळं वाहून जाईल, हे लक्षात आल्यावर त्याने २००७मध्ये हीच पद्धत घेऊन ‘सिटिझन्स क्लायमेट लॉबी’ उभी केली. आज ती रिझल्ट्सपेक्षाही अधिक माणसांपर्यंत पोचली आहे.

लहान कर्जांच्या विषयावर थोडं थांबायला हवं, कारण चांगल्या हेतूच्या माणसांनी कुठे सावध राहावं हे तिथे दिसतं. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावात १९७६मध्ये सुरू केलेल्या प्रयोगातून ग्रामीण बँक उभी राहिली. रिझल्ट्सच्या स्वयंसेवकांनी १९८०च्या दशकात ही कल्पना अमेरिकेच्या संसदेपर्यंत आणि वर्तमानपत्रांपर्यंत नेली. १९९७च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनला सूक्ष्मकर्ज शिखर परिषद भरली आणि जगातल्या सर्वांत गरीब १० कोटी कुटुंबांपर्यंत कर्ज पोचवायचं उद्दिष्ट ठरलं. थोड्या उशिराने तो आकडा गाठलाही गेला. युनूस आणि ग्रामीण बँक यांना २००६मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

पण मधल्या काळात या कल्पनेवर नफ्याच्या मागे लागलेल्या कंपन्या चढल्या. आंध्र प्रदेशात एकाच बाईला चार-चार कर्जं आणि वसुलीचा तगादा, इथवर गोष्ट गेली, आणि २०१०च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारने या कंपन्यांना लगाम घालणारा अध्यादेश काढला. २०१५मध्ये सहा देशांतल्या काटेकोर चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. त्यातली एक चाचणी हैदराबादची होती आणि ती करणाऱ्यांत अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी होते. निष्कर्ष असा होता की कर्जामुळे काहींना व्यवसाय वाढवायला मदत होते, पण त्याने सरासरी कुटुंब गरिबीतून बाहेर पडतं असं दिसत नाही. एखाद्या उपायासाठी दहा वर्षं बोलल्यावर असं ऐकणं जड असतं. तरीही ज्याला गरिबांसाठी बोलायचं आहे, त्याने पुरावा बदलला की आपली मागणी बदलली पाहिजे. नाहीतर वकिली उपायाची होते आणि माणूस मागे राहतो.

मिळवलेलं टिकतंच असंही नाही. मार्च २०२१मध्ये अमेरिकेने मुलांसाठीची करसवलत वाढवली आणि जुलैपासून ती दरमहा थेट खात्यात द्यायला सुरुवात केली. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे ३०० डॉलर, त्यावरच्यांना २५०. उत्पन्न नसलेल्या कुटुंबांनाही ती मिळाली, हा मोठा बदल होता. त्या वर्षी तिथली बालगरिबी पूरक मोजपट्टीनुसार ५.२ टक्क्यांवर आली. वर्षअखेरीला मुदत संपली, संसदेने ती वाढवली नाही, आणि २०२२मध्ये आकडा १२.४ टक्क्यांवर गेला. एवढा उतार आणि एवढा चढ एका कायद्यातल्या मुदतीमुळे झाला, हे वाचून झोप उडायला हवी.

२०२५ साल त्याहून कठीण गेलं. जानेवारीत अमेरिकेची परकीय मदत गोठवली गेली आणि १ जुलैला यूएसएड ही सहा दशकं जुनी यंत्रणा बंद झाली. त्याच महिन्यात संसदेने मंजूर झालेला सुमारे ९ अब्ज डॉलरचा निधी परत घेतला. मात्र एचआयव्हीविरोधी ‘पेपफार’ कार्यक्रमातली ४० कोटी डॉलरची प्रस्तावित कपात सिनेटमध्ये विधेयकातून काढून टाकण्यात आली. २००३मध्ये जॉर्ज बुश यांच्या काळात सुरू झालेल्या या कार्यक्रमासाठी दोन्ही पक्षांत माणसं जोडून ठेवलेली होती. अनेक संघटना, चर्च, डॉक्टर आणि अर्थातच मतदारसंघातले पत्रलेखक वीस वर्षं त्यावर बोलत आले होते. जिथे अशी जोडणी होती तिथे थोडं वाचलं, बाकीचं गेलं.

इथे एक प्रश्न उरतो आणि तो टाळता येत नाही. अमेरिकेतला सुखवस्तू माणूस दूरच्या गरिबासाठी बोलतो, तेव्हा गरीब स्वतः कुठे असतो? रिझल्ट्सलाही हा प्रश्न छळत होता. पुढे त्यांनी गरिबी भोगलेल्या माणसांनाच ‘गरिबीचे तज्ज्ञ’ म्हणून पुढे आणायला सुरुवात केली. अन्नसाहाय्यावर मुलं वाढवलेली आई सिनेटच्या कार्यालयात स्वतः बोलू लागली. हे काम महाराष्ट्राने वेगळ्या वाटेने आणि बरंच आधी केलेलं आहे, म्हणून आपल्या घराकडे वळतो.

विठ्ठल सखाराम पागे सांगली जिल्ह्यातले गांधीवादी आणि विधान परिषदेचे सभापती. काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम देण्याची कल्पना त्यांनी १९६०च्या दशकात तासगाव तालुक्यात राबवायला घेतली. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा हा विचार राज्यभर नेण्याची वेळ आली. मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी मजुरीसाठी, पाळण्याच्या सावलीसाठी, पिण्याच्या पाण्यासाठी मोर्चे काढले. लाल निशाण पक्ष, शहाद्याची श्रमिक संघटना आणि इतर अनेकांनी मजुरांना संघटित केलं. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन महागाईविरुद्ध उभ्या होत्या. या सगळ्या रेट्यातून १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. सभागृहातला एक चिवट माणूस आणि रस्त्यावरची लाखो माणसं, दोन्ही लागली. एकट्या पागेंनी हे झालं नसतं, एकट्या मोर्चांनीही नाही.

या योजनेसाठी पैसा कुठून आला, हेही शहरी वाचकाला माहीत असायला हवं. १९७५मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदारांच्या पगारपत्रकावर आजही बहुतेक महिन्यांत २०० रुपयांची जी कपात दिसते, तिची सुरुवात रोजगार हमीला निधी मिळावा म्हणून झाली. दादरच्या कारकुनाच्या पगारातून जतच्या मजुराची मजुरी, असा सरळ रस्ता या राज्याने बांधला होता. २००५मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याआधी महाराष्ट्राचा तीन दशकांचा अनुभव होता.

पण कायदा झाला म्हणजे न्याय झाला असं नाही. पागे यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीच्या हिशेबावर शेतमजुरांचं किमान वेतन दिवसाला ४ रुपये ठरलं होतं. तेव्हा वर्धा भागात काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी तो हिशेब तपासायला घेतला. मजुराला किती उष्मांक लागतात, त्याच्या घरात किती तोंडं आहेत, डाळ-तेलाचे भाव काय, हे सगळं मांडल्यावर त्यात चुकांवर चुका सापडल्या. त्यांच्या मांडणीनुसार वेतन १२ रुपयांच्या आसपास हवं होतं. शेतमजूर संघटनांनी हा अभ्यास हाती घेतला, मागणीला आकड्याचा आधार मिळाला आणि सरकारला वेतन वाढवावं लागलं. मला ही घटना पाठपुराव्याचा आदर्श नमुना वाटते. ज्यांचा प्रश्न आहे ते रस्त्यावर, ज्याला हिशेब येतो तो त्यांच्या बाजूला, आणि मागणी एवढी नेमकी की ती टाळायला सरकारला दुसरा आकडाच सापडू नये.

मुंबईतल्या ‘समर्थन’ या संस्थेने याच धर्तीवर अर्थसंकल्पाची चिरफाड करून ती आमदारांपर्यंत पोचवण्याचं काम केलं. आदिवासी उपयोजनेचा पैसा किती ठेवला, किती खर्च झाला, किती वळवला, हे साध्या भाषेत आमदारांच्या हातात पडलं की सभागृहातला प्रश्न बदलतो. बऱ्याच आमदारांना प्रश्न विचारायचा असतो, पण विषयाचा अभ्यास करायला माणूस नसतो. नेमकी माहिती घेऊन येणारा कार्यकर्ता त्यांना ओझं वाटत नाही.

म्हणून नव्याने या कामात येऊ पाहणाऱ्याला मी मोठ्या संस्थेची वाट पाहा असं सांगणार नाही. चार-पाच माणसं पुरतात. त्यातलं निदान एक माणूस तरी ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यातलं असावं, आणि बोलताना तेच पहिलं बोलावं. एक विषय घ्यावा. रेशन कार्डावर चढत नसलेली नावं, निराधार योजनेचं अडकलेलं निवृत्तिवेतन, आश्रमशाळेतली रिकामी पदं, काहीही. त्या विषयाचा शासन निर्णय शोधून वाचावा, तो मराठीत असतो आणि शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. जी माहिती मिळत नाही ती माहिती अधिकारात मागावी. ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा दिवशी सहसा सभा होते, आणि ठरावाची नक्कल हातात असली की तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत बोलणं सोपं जातं. निवेदन एका पानाचं असावं, त्यात एकच मागणी असावी, खाली फोन नंबर असावा, आणि पोच घ्यायला विसरू नये. पोच नसलेलं निवेदन दिलंच नाही असं समजायचं. आमदारांच्या कार्यालयातल्या स्वीय सहायकाशी नीट ओळख करून घ्यावी, कारण फाइल कुठे आहे ते त्यालाच माहीत असतं. पंधरा दिवसांनी परत जावं. उत्तर आलं तर आभाराचं पत्र द्यावं, न आलं तर तारीख लिहून पुन्हा द्यावं.

आणि जो नवीन माणूस बैठकीला येईल, त्याला मागच्या खुर्चीवर बसवून चालणार नाही. पहिल्याच दिवशी त्याला मिनिटभर बोलायला लावावं, चुकला तर सांभाळून घ्यावं, पुढच्या शिष्टमंडळात सोबत न्यावं. कुणीही पहिल्यांदा जाताना एकट्याने जाऊ नये.

आमदाराच्या हातातली साधनंही ओळखून असावीत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लक्षवेधी सूचना तातडीच्या विषयासाठी असते. कपात सूचनेतून एखाद्या खात्याच्या मागणीवर बोलता येतं. मात्र प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी विधानमंडळाकडे पोचाव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावलेल्या माणसाच्या हाती आश्वासनाशिवाय फारसं काही लागत नाही. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरतं, तेव्हा त्यासाठीचं निवेदन दिवाळीच्या आधीच आमदारांच्या टेबलावर पोचलेलं असावं.